जेवणाने बाटतो तो कोण?

प्रतिपक्षाला मुद्दाम अशक्त करून उभा करायचा आणि मग लोळवायचा, यात पुरुषार्थ नाही. म्हणून ज्या मताचे खंडन करायचे आहे ते मी आधी असे मांडतो, की त्या मताच्या जाणत्या पुरस्कर्त्यानेही मान डोलवावी.

ते मत असे. अन्न म्हणजे नुसते पोषण नव्हे. ते कोणीतरी, कुठल्यातरी भावनेने, कुठल्यातरी देवाला स्मरून शिजवलेले असते आणि ती भावना घासाबरोबर आत जाते. आहार शुद्ध तर अंतःकरण शुद्ध, असे छांदोग्य उपनिषद सांगते. रामानुजांच्या परंपरेने अन्नाचे तीन दोष मानले आहेत. एक पदार्थाच्या जातीचा, दुसरा तो ज्याच्याकडून आला त्याचा, तिसरा त्यात जे पडले-मिसळले त्याचा. यांतला दुसरा, म्हणजे आश्रयदोष, इथे लागू पडतो. ज्याची उपासना आपली नाही त्याच्या सणाचे ताट चवीने खाणारा नकळत त्या उपासनेत वाटेकरी होतो. दुसरा मुद्दा याहून भक्कम आहे. ताटाच्या मर्यादांनीच समाज टिकतात. ज्यू धर्मशास्त्र्यांनी परधर्मीयांची वाइन आणि त्यांनी शिजवलेले अन्न यांवर निर्बंध घातले आणि कारणही लपवले नाही. एकत्र खाणेपिणे सुरू झाले की सोयरिकी होतात. दोन हजार वर्षे देशोदेशी विखुरलेला तो समाज उरला तो या कुंपणामुळे. तिसरा मुद्दा इतिहासाचा. पोर्तुगीज अमदानीत विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा गोव्यात आणि वसईत आजही सांगतात. तेव्हा भीती हवेतली नाही. आणि शेवटी नीतीचा प्रश्न. ज्या श्रद्धेला आपण आपली मानत नाही, तिच्या सणाचे पदार्थ मात्र मिटक्या मारत खायचे, हा दुटप्पीपणा आहे. मानायचे नसेल तर खाऊ नये.

चारही मुद्दे ऐकून घेण्याजोगे आहेत. निष्कर्ष मात्र चारही ठिकाणी चुकला आहे.

पण आधी माझ्याच बाजूच्या समजल्या जाणाऱ्या काही मंडळींची रजा घेतो. 'अन्नाला धर्म नसतो' असे म्हणून हा वाद एका फटक्यात संपवणारे पुष्कळ आहेत. मला त्यांची सोबत नको. अन्नाला धर्म असतो. जैन स्वयंपाकघरात बटाट्याच्या जागी कच्चे केळे पडते, ते अहिंसेच्या एका काटेकोर विचारामुळे. पूर्व युरोपातल्या ज्यूंचे चोलेंत आणि स्पेनमधल्या ज्यूंची आदाफिना, रात्रभर मंद आचेवर मुरणारे हे रस्से जन्मले ते शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही या आज्ञेतून. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही, म्हणून कोकणातल्या बेने इस्रायल घरांत मटणाच्या रश्श्यात दही नसते, नारळाचे दूध असते. या पदार्थांतून नियम काढून टाका, चव उरणार नाही. जो म्हणतो अन्नाला धर्म नसतो, त्याने ते अन्न नीट चाखलेलेच नाही. फक्त गिळले आहे. तेव्हा प्रतिपक्षाचे पहिले गृहीत मी मोकळ्या मनाने मान्य करतो. अन्न आपल्या माणसांचा धर्म बरोबर घेऊन येते.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ते धर्म घेऊन येते. पण खाणाऱ्याच्या अंगात सोडून जाते का?

परीक्षेला लांब जायला नको. आषाढी एकादशीचे ताट घ्या. साबुदाणा रात्रीच भिजवून मोकळा केलेला. तुपात जिरे तडतडले की हिरव्या मिरचीचे तुकडे, मग बटाट्याच्या फोडी, मग दाण्याचे कूट चोळलेला साबुदाणा, वर झाकण आणि एक वाफ. शेजारी रताळ्याचा गोड कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. याहून अस्सल मराठी, याहून अस्सल धार्मिक ताट दुसरे कोणते? आता एकेक जिन्नस विचारात घ्या. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीज पर्वतातला. मिरची अमेरिकेची, रताळे अमेरिकेचे. आज आपण खातो तो साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावाही दक्षिण अमेरिकेचाच. तमिळनाडूतल्या सेलमला त्याचे कारखाने निघाले ते १९४०च्या दशकात. कोलंबसाच्या सफरीआधी यांतला एकही जिन्नस आपल्या स्वयंपाकघराला ठाऊक नव्हता. तो मुख्यतः कॅथलिक पोर्तुगिजांच्या जहाजांतून आला. शास्त्रांनी त्याचे नाव ऐकले नव्हते, म्हणून निषेधही केला नव्हता. तो मुकाट्याने कंदमुळांच्या सदरात जमा झाला आणि उपवासाला चालू लागला.

राजगिऱ्याची गोष्ट तर आणखी पुढची आहे. या दाण्याचे मूळ घर मेक्सिको. ॲझ्टेक लोक राजगिऱ्याचे पीठ मधुर पाकात मळून आपल्या युद्धदेवतेची, ह्युत्सिलोपोच्त्लीची, मूर्ती घडवत. तिची पूजा होई, मग तिचे तुकडे करून ते भक्तांना वाटले जात. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने हे विधी तपशीलवार नोंदवून ठेवले आहेत. पाद्र्यांना त्यात आपल्या प्रभुभोजनाची भ्रष्ट नक्कल दिसली आणि त्यांनी ते विधी मोडून काढले. मेक्सिकोत आजही फुललेला राजगिरा पाकात घालून त्याच्या वड्या थापतात. आपल्या किराणा दुकानातली राजगिऱ्याची चिक्की त्यांच्या शेजारी ठेवली तर कोणती कुठली ते ओळखता येणार नाही.

आश्रयदोषाचा सिद्धान्त खरा धरला, तर एकादशीच्या ताटावर लिस्बनचा खलाशी आणि ॲझ्टेकांचा युद्धदेव मांडीला मांडी लावून बसले आहेत. पंढरीच्या विठ्ठलाची त्यामुळे काही अडचण झाल्याचे ऐकिवात नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, झाड कुठले याला महत्त्व नाही, शिजवणारा हात कोणाचा याला आहे. ठीक. मग हाताकडे येऊ. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाचे अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी आहे. तीत वैद्य आहे. सुतार, लोहार, सोनार आहेत. शिंपी, धोबी, रंगारी, गायक, नट आणि व्याजबट्टा करणारा सावकारही आहे. यादीचा रोख परक्या उपासनेवर नाही; आपल्याच गावातल्या कसबांवर आणि वर्तनावर आहे. आश्रयदोषाचे नाव घेऊन जो शेजारच्या मुसलमानाची शीरखुर्म्याची वाटी परत करतो, तो डॉक्टर मेहुण्याकडे दिवाळीला जेवायला बसतो की नाही? बँकेत नोकरीला असलेल्या जावयाकडे? शास्त्राधार हवा असेल तर सगळा घ्या. त्यातला आपल्या रागाला सोयीचा तुकडा तेवढा कापून घ्यायचा, याला शास्त्रनिष्ठा म्हणत नाहीत. शिवाय छांदोग्यातल्या ज्या वचनावर ही इमारत उभी आहे, तिथे आहार म्हणजे पानातले अन्न नव्हे, इंद्रियांवाटे आत येणारे विषयज्ञान, असे शंकराचार्यांचे भाष्य आहे. रामानुजांचा अर्थ ज्याला पटतो त्याने तो जरूर मानावा. पण 'उपनिषद सांगते' एवढे म्हणून समोरच्याचे तोंड बंद करता येणार नाही. दोन आचार्य दोन बाजूंना उभे आहेत.

मुळात एखादी गोष्ट पोटात गेल्याने धर्मकर्म घडते, हे कुठल्या धर्माचे मत आहे? हिंदू विधीत संकल्प सोडल्याशिवाय कर्माला सुरुवात होत नाही. इस्लाममध्ये नियत नसेल तर दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाचा रोजा होत नाही; तो नुसता उपाशी असतो. कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा न झालेल्याला प्रभुभोजनाची पवित्र भाकर देतच नाहीत, कारण श्रद्धेवाचून तिला अर्थ नाही. पण त्याच चर्चमधून बाहेर पडलेली गोव्यातली कॅथलिक बाई नाताळला नेवऱ्या, दोदोल आणि कुलकुल यांचे ताट भरून हिंदू शेजारणीकडे पाठवते, आणि चतुर्थीला त्याच शेजारणीकडच्या नेवऱ्या तिच्या घरी येतात. पारशांच्या अग्यारीत परधर्मीयाला पाऊल टाकता येत नाही. पण लग्नाच्या मांडवात केळीच्या पानावरची पात्रा नी मच्छी सर्वांना वाढली जाते. कुठे दार लावायचे आणि कुठे ते सताड उघडे ठेवायचे, हे त्या त्या धर्माने स्वतःच ठरवून ठेवले आहे. यजमानाला जिथे धोका दिसत नाही, तिथे पाहुण्याला तो कसा दिसतो?

उलट बाजूने ताडून पाहा. गणपतीत आपण शेजारच्या मुसलमान घरी मोदक देतो. त्या घरातली मुले ते खातात, आणखी मागतात. त्यांना कोणी गणेशभक्तांत मोजते का? एकादशीची खिचडी आवडीने खाणाऱ्या ख्रिस्ती सहकाऱ्याच्या खात्यावर एकादशीचे पुण्य जमा झाले, असे कुठला कीर्तनकार सांगतो? कोणीच नाही. म्हणजे आपला मोदक त्याला हिंदू करू शकत नाही, पण त्याचा शीरखुर्मा मला मुसलमान करू शकतो. स्वधर्माच्या अभिमान्यांनी आपल्याच मोदकाचा इतका अपमान करू नये.

नैवेद्य दाखवून वाटलेल्या अन्नाचा प्रश्न थोडा निराळा आहे, हे मी नाकारत नाही. कॉरिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना हाच पेच पडला होता. बाजारातले मांस बहुधा देवळांतून आलेले असे. संत पौलाने त्यांना दिलेला सल्ला व्यवहारी होता. बाजारात मिळते ते चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनाखातर सोडा. कुराणाच्या सूरह माइदामध्ये ग्रंथधारकांचे, म्हणजे ज्यू-ख्रिस्ती लोकांचे, अन्न मुसलमानाला चालते असे सांगितले आहे. अल्लाहखेरीज इतर कोणाच्या नावे अर्पण केलेले मात्र चालत नाही. म्हणून एखादा मुसलमान स्नेही फराळ खातो पण सत्यनारायणाचा प्रसाद हात जोडून नाकारतो, तेव्हा त्यात अपमान शोधू नये. शिखांची रहत मर्यादा हलाल पद्धतीचे मांस निषिद्ध मानते, म्हणून शीख ते खात नाही. तोही त्याचा हक्क. पण हे नियम ज्याचे त्याला बंधनकारक आहेत. ज्याच्या परंपरेत असा नियमच नाही, त्याने तो दुसऱ्याकडून उसना आणून आपल्या लोकांवर लादायचा, हे कशासाठी? धर्मरक्षणासाठी म्हणाल, तर ते दुसऱ्याच धर्माचे अनुकरण झाले.

आता समाज टिकण्याचा मुद्दा. प्रतिपक्षाचे सगळे वजन इथे आहे, म्हणून मी इथे जरा रेंगाळणार आहे.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज जहाज फुटून नवगावजवळ काठाला लागले. ग्रंथ बुडाले, हिब्रूही पुढे विसरली. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागात ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले शनवार तेली. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू आला. हे लोक खरोखर ज्यू आहेत का, याची त्याने परीक्षा घेतली असे सांगतात. तऱ्हेतऱ्हेची मासळी त्याने बायकांपुढे ठेवली आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेली मासळी वेगळी काढली आणि बाकीची बाजूला सारली. रहाबीला ओळख पटली. ग्रंथ गेला, भाषा गेली, तरी मासळीची निवड राहिली. ही कथा प्रतिपक्षाने अवश्य सांगावी. ती त्यांच्या बाजूची आहे.

पण ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी त्याच ताटात आहे. या लोकांनी कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या सोडल्या आणि बाकी सारे कोकण घेतले. नारळ घेतला, तांदळाची भाकरी घेतली. भाषा मराठी, बायकांचे नेसणे नऊवारी, आडनावे दिवेकर, पेणकर, केहिमकर. आणि त्यांचा सर्वांत लाडका विधी पाहा. नवस फेडायचा असो, लग्नाआधीचे मंगल कार्य असो, मलिद्याचे ताट मांडतात. पोहे भिजवून त्यांत ओला नारळ, साखर, वेलची, बदाम-बेदाणे कालवतात, पांढरीशुभ्र रास करतात आणि भोवती फळे लावतात. ताट पाहून कोणीही म्हणेल की हे शेजारच्या पूजेतून उचललेले आहे. मलिदा तर कोकणातल्या दर्ग्यांवरही चढतो. पण बेने इस्रायलांच्या मलिद्यापुढे म्हटले जाते ते एलियाहू हन्नाबी या ज्यू प्रेषिताचे हिब्रू स्तवन. ताट शेजाऱ्यांचे, प्रार्थना आपली.

हा समाज शतकानुशतके बहुसंख्य परधर्मीयांत राहिला. त्याने शेजाऱ्यांची चव घेतली, पंगतीचा थाट घेतला, पोहे देवापर्यंत नेले. आणि ज्यूच राहिला. १९४८ नंतर यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. तिथल्या मुख्य रब्बींनी १९६०च्या दशकात त्यांच्या ज्यूपणाबद्दल शंका काढल्या आणि १९६४ मध्ये बेने इस्रायलांना त्याविरुद्ध रस्त्यावर उतरावे लागले, हा इतिहास आहे. आक्षेप कशावर होता? विवाह आणि घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते की नाही, यावर. काटेकोर म्हणून जगभर ख्यातनाम असलेल्या त्या धर्मपीठाचा वाद मलिद्यावर नव्हता, पोह्यांवर नव्हता. इस्रायलमध्ये आजही मलिद्याचे ताट लागते.

मग त्यांना टिकवले कशाने? स्वतःचा नियम पाळल्याने. दुसऱ्याची चव नाकारल्याने नव्हे. या दोन गोष्टी एकच आहेत असे समजणे, हा प्रतिपक्षाचा मूळ घोटाळा. मी काय खाणार नाही हे माझा धर्म ठरवतो. पण जे खाणार आहे ते कोणाच्या हातचे आणि कोणाच्या सणाचे, याने माझी मर्यादा ढळत नाही. गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरी ईदच्या सकाळी शेजारी जातो. दूध, शेवया, खारीक, चारोळी घातलेला शीरखुर्मा घेतो. मटणाच्या ताटाकडे वळत नाही. आग्रहही कोणी करत नाही, कारण माळ सगळ्यांना दिसते. त्याचा नियम शाबूत, शेजार शाबूत. नियम ज्याचा पक्का त्यालाच परक्या पंगतीत निर्धास्त बसता येते. डळमळीत नियमवाल्याला दारातूनच परतावे लागते.

पारशांचे उदाहरणही नेहमी पुढे केले जाते. मिसळले म्हणून घटले, असे. २००१ च्या जनगणनेत ते ६९,६०१ होते, २०११ मध्ये ५७,२६४ उरले. पण ही घट उशिरा होणारी लग्ने, न होणारी लग्ने आणि कमी जन्म यांमुळे झाली. मुंबईने धनसाक चाटूनपुसून खाल्ले म्हणून एकही पारशी कमी झालेला नाही.

विहिरीतल्या पावाकडे वळतो. कथा घडली तशीच धरून चालू. पाद्र्याने पाव विहिरीत टाकला, गावाने अजाणता पाणी प्यायले. आता गाव ख्रिस्ती झाले, हे कोणी ठरवले? चर्चने ठरवले म्हणाल, तर चर्चच्या कायद्यात बाप्तिस्म्याशिवाय कोणीही ख्रिस्ती होत नाही, आणि पावाचे पाणी म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. मग निकाल दिला कोणी? शेजारच्या गावाने. भाऊबंदांनी. आपल्याच जातपंचायतीने. पाद्र्याने फक्त पाव टाकला. दार बंद करून कडी लावली ती आपल्या लोकांनी. बाटवणाऱ्याच्या हातात हे हत्यार दिले ते 'खाल्ल्याने धर्म जातो' या समजुतीने. ती नसती तर भिजलेल्या पावाने विहिरीतले मासे तेवढे पोसले असते.

हा विचार माझ्यासारख्या चवीने खाणाऱ्याच्या सोयीचा वाटत असेल, तर तो कोणी मांडला ते पाहा. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत असताना विनायक दामोदर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतल्या ज्या सात बेड्या मोजल्या, त्यांत रोटीबंदी एक होती. १९३१ मध्ये पतितपावन मंदिर, १९३३ मध्ये सर्व हिंदूंना खुले उपाहारगृह, आणि या काळात सहभोजनांचा धडाका. त्यांचा प्रत्यक्ष कार्यक्रम हिंदूंमधल्या जातींपुरता होता, हे खरे. पण खाण्याने धर्म जातो, ही समजूतच धर्मांतराला मोठी वाट करून देते, हा त्यांचा युक्तिवाद जातींपाशी थांबत नाही. धर्म पोटात राहत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावले. आज त्यांचा फोटो भिंतीवर लावून शेजाऱ्याची वाटी परत पाठवणाऱ्यांनी एकदा त्या फोटोकडे नीट बघावे. त्याही मागे जायचे तर नेताजी पालकर १६६७ ते १६७६ मोगलांकडे मुहम्मद कुली खान म्हणून राहिला, त्यांच्या पंगतीला जेवला. शिवाजी महाराजांनी त्याला परत घेतले. नऊ वर्षांच्या जेवणांचा हिशेब कोणी मागितला नाही.

हिशेब मागणारे कोण होते, तेही इतिहासात आहे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालले. त्याच्या १७३६ च्या फर्मानात नवख्रिस्ती लोकांना काय काय बंद केले होते, ते अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथात वाचायला मिळते. हिंदूंच्या रिवाजाप्रमाणे भात अळणी शिजवून मीठ मागाहून घालायलाही त्यांना बंदी होती. मीठ कधी घातले यावरून माणसाची श्रद्धा तपासली जात होती! स्पेनच्या इन्क्विझिशनने हेच आधी केले होते. कोण डुकराचे मांस टाळतो, कोणाकडे शुक्रवारी रात्री मंद आचेवर हंडी चढते, यावर पाळत ठेवायची आणि हंडीतून धर्म हुडकून काढायचा. आता वाचकांनीच ठरवावे. कोणाच्या पानात काय वाढले आहे ते वाकून बघणारा आणि त्यावरून त्याची निष्ठा मोजणारा आजचा धर्मरक्षक कोणाची परंपरा चालवत आहे? ज्ञानोबा-तुकोबांची, की १७३६ च्या फर्मानाची?

राहिला दुटप्पीपणा. हा आक्षेप दुसऱ्या टोकाकडूनही येतो. बिर्याणी हवी पण सोसायटीत बिर्याणीवाला शेजारी नको, असे म्हणणारे आपल्या शहरांत थोडे नाहीत, आणि त्यांच्यावरचा राग रास्त आहे. पण त्यांचा दोष बिर्याणी खाण्यात आहे की घर नाकारण्यात? खाण्याने भाईचारा आपोआप वाढतो, असा भाबडा दावा मी केलेला नाही. इंग्रज इथे दीडदोनशे वर्षे आवडीने करी खात होते. राज्य काही त्यांनी करीसाठी सोडले नाही. माझा दावा लहान आहे. परधर्मीयाचे अन्न चवीने खाणे हा स्वधर्माशी द्रोह नव्हे, एवढाच. 'मानत नसाल तर खाऊ नका' या वाक्यात चव घेणे म्हणजे कबुली देणे, असे गृहीत धरले आहे. हे गृहीत जेवणाखेरीज आपण कुठेच लावत नाही. गोल घुमटाखाली उभा राहून थक्क होणारा माणूस कलमा पढत नाही. बाखचे संगीत ऐकून डोळे मिटणारा लुथरपंथी होत नाही. मग जिभेवरच हा खटला का?

सगळ्यांत बोलका साक्षीदार पुण्यातच आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये शहरातली मातब्बर मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने जमली आणि तिथे चहा झाला. गोपाळराव जोशांनी त्यांची नावे पुणे वैभव पत्रातून जाहीर केली. गाव पेटले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्तांचा वाद रंगला. यादीत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यांचेच सुधारक सहकारी हळहळले. मिशनऱ्यांच्या कपातला चहा पोटात गेलेल्या टिळकांनी काय केले? १८९३ पासून ते सार्वजनिक गणेशोत्सवाच्या अग्रभागी उभे राहिले. आणि त्याच सुमारास दुसरे एक टिळक ख्रिस्ती धर्माकडे ओढले गेले, ते कवी नारायण वामन. आगगाडीच्या डब्यात भेटलेल्या एका साहेबाने त्यांना बायबल वाचायला दिले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना नेले ते पुस्तकाने. चहा प्यायलेले टिळक जिथल्या तिथे राहिले.

पुणे वैभवातल्या त्या यादीतून, त्या चहामुळे ज्याचा धर्म गेला असे एक नाव प्रतिपक्षाने काढून दाखवावे. पुरावा द्यायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची असते, आणि त्यांना सव्वाशे वर्षांहून अधिक मुदत मिळालेली आहे.